डाव्या गालाची घडी

देवपूर, धुळे
१२ नोव्हेंबर १९८६

चि. तोताराम यास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

भाऊबीजेला आले नाही म्हणून फुगून बसला असशील. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तुला ओवाळायचं राहिलं. ह्यांना जरा बरं नव्हतं, पण काळजी करण्यासारखं काही नाही. गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. तो बिचारा गप्प उभा राहिला. तुझ्यासारखं ताटात नोट टाकायच्या आधी तीन वेळा हुलकावणी देत नाही.

एक काम आहे. हसायचं नाही. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जातील असं एखादं क्रीम किंवा मलम जळगावला मिळत असेल तर पाठव. चांगल्यातलं पाठव, आणि जरा लवकर. आमच्या शेजारच्या वच्छलाबाई विचारत होत्या. तुझ्या स्टुडिओत पावडर-लाली लावून बायका येतात, तर तुला ठाऊक असेल म्हणून लिहिलं. सुनंदाला यातलं काही सांगू नकोस.

आमचा अभिमन पिंपळनेरला बँकेत रुळला आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी येतो. इंदूच्या स्थळाचं काय झालं ते कळव.

आहेस तसाच राहा, आणि अक्काची आठवण ठेव.
तुझी कमलअक्का


जळगाव, नवी पेठ
२० नोव्हेंबर १९८६

ती. सौ. अक्काच्या पायाशी तोतारामचा नमस्कार पोचावा. वि. वि.

वच्छलाबाईंना मी पाहिलेलं आहे. त्यांचा चेहरा तळलेल्या पुरीसारखा टम्म. त्यावर सुरकुतीला उभं राहायला जागा नाही. तेव्हा मलम कुणाला हवं आहे ते मला कळलं, पण मी विचारणार नाही. सुनंदाला सांगू नकोस म्हणालीस, तर तिने पत्र माझ्याआधीच वाचलं होतं. तिनेही मलमाची एक बाटली स्वतःला मागवली आहे.

अक्का, तू मात्र योग्य माणसाला विचारलंस. सुरकुती ही माझी अन्नदाती. भुसावळला बन्सीलालशेठच्या स्टुडिओत मी झाडू मारायला लागलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. त्यांनी मला पहिली विद्या शिकवली ती टचिंगची. उतरत्या टेबलावर काचेत निगेटिव्ह धरायची, खालून आरशाने उजेड टाकायचा, आणि पेन्सिलीला सुईसारखं टोक करून सुरकुतीच्या रेषेत ठिपका ठिपका भरत जायचं. माशी बसते तेवढाच भार. रेल्वेच्या साहेबांच्या मडमा फोटो बघून खूश, साहेब मडमांकडे बघून खूश. त्या पेन्सिलीवर हे दुकान उभं राहिलं. या हाताने खानदेशातल्या किती सासवांना सुनांच्या वयाचं केलं असेल, मोजदाद नाही.

आता उपाय. आमच्या घरातच दोन वयं आहेत. इंदू एकवीस वर्षांची. आरशात डोळे बारीक करून बघते आणि डोळे बारीक केल्यामुळे पडलेल्या रेषा मला दाखवते. तिला सांगितलं, तुझ्या वयात एकच औषध, जळगावच्या उन्हात ओढणी बांधल्याशिवाय सायकल काढायची नाही. सुनंदा त्रेचाळीसची. ती रोज साबणाने तोंड खसाखसा घासते, जणू तवा आहे. शिवाय मिसरी. मिसरीने ओठाभोवती चुण्या पडतात हे मी दुकानातल्या शंभर चेहऱ्यांवर पाहिलंय. सोड म्हटलं तर म्हणते, आधी तुम्ही सोडा तुमची तपकीर.

कातडीचे एक डॉक्टर पासपोर्टच्या फोटोला आले होते. त्यांना खुर्चीत बसवून हलू नका म्हटलं आणि सगळं विचारून घेतलं. ते म्हणाले, ऊन, धूर आणि तंबाखू टाळा, तोंड ओलसर असतानाच तेल किंवा क्रीम लावा, झोप घ्या. क्रीम चामडी मऊ ठेवतं, पडलेली घडी उचलत नाही. परदेशात कसल्या मलमावर प्रयोग चालू आहेत म्हणे, पण त्याने चामडी सोलवटते. आणि औषधाच्या दुकानात गोरं करणारी ट्यूब मिळते, ती तर अजिबात लावू नये, चामडी कांद्याच्या सालीसारखी होते. साठीच्या बायकांना काय द्याल म्हणून विचारलं, तर हसले. म्हणाले, आरसा एक हात मागे सरकवायला सांगा.

तरी बाटली पाठवतो आहे. रात्री लाव, वच्छलाबाईंना.

दाजींचा राग आहे का माझ्यावर? माझ्या पत्रात लाल शाईने चुका काढून ते पत्र मला परत पाठवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. मागची दोन पत्रं परतच आली नाहीत. मी एवढं शुद्ध लिहायला लागलो, यावर माझा विश्वास बसत नाही.

मायेचा हात मागे घेऊ नकोस.
तुझा तोताराम


देवपूर, धुळे
१५ डिसेंबर १९८६

चि. तोतारामास आशीर्वाद.

बाटली पोचली. तीन आठवडे लावते आहे. वच्छलाबाईंचं सोंग आता पुरे. चामडी मऊ झाली, पण घड्या जिथल्या तिथे. साय लावली, हळद-बेसन लावलं, मुलतानी माती लावली. रावेरची केळी पाठवली होतीस ना, त्यातली दोन कुस्करून तोंडाला फासली. त्याची गंमत भेटल्यावर सांगेन. केसांना कलपही लावला. कपाळ काळं झालं, केस तांबडे.

तुझ्या पेन्सिलीसारखं काही खऱ्या तोंडावर चालत नाही का रे?

ह्यांचं बरं आहे. संध्याकाळी फिरायला जातात. दोनदा उशीर झाला, तर भटू रिक्षावाल्याने आणून सोडलं. भला माणूस आहे.

आमच्या लग्नातला एक फोटो तुझ्याकडे आहे ना, मी एकटी पाटावर बसलेली? तो सांभाळून ठेव.

सुनंदाला, इंदूला आशीर्वाद.
अक्का


जळगाव
२० डिसेंबर १९८६

ती. अक्कास नमस्कार वि. वि.

आज थट्टा करत नाही. दुकानात गिऱ्हाईक बोलतं एक आणि त्याच्या मनात असतं दुसरं. ते दुसरं ऐकूनच मी वर आलो. तुझ्या पत्रात मला काय ऐकू आलं ते सांगतो. चाळीस वर्षं धुळ्यात राहिलेल्या मास्तरांना रिक्षावाल्याने घरी आणून सोडावं लागतं. लाल शाई बंद आहे. आणि जिने जन्मात कधी स्नो लावला नाही, माझ्या कॅमेऱ्यासमोर दरवेळी पदर ओढून या तोंडाचा कसला फोटो म्हणाली, ती सत्तावन्नाव्या वर्षी केसांना कलप लावते आहे.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तू तेराची. तेव्हाही तू मला सगळं बरं आहे असंच सांगत होतीस. आता मी पन्नासचा आहे. खरं लिही.
तोताराम


देवपूर, धुळे
२ जानेवारी १९८७

चि. तोताराम,

तुझे कान लहानपणीच कापायला हवे होते. लिहिते सगळं.

हे मला ओळखत नाहीत. पावसाळ्यात सुरू झालं. आधी चष्मा कुठे, मग पेन्शनचा दिवस कोणता, मग घर कोणतं. मी म्हटलं, वय झालं. गणपतीच्या दिवसांत एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर माझ्याकडे बघून अदबीने विचारलं, हाई आजी कोन शे. मला वाटलं चेष्टा करतात. त्यांनी चहा घेतला, आणि आमची कमल दिसली का, असं मलाच विचारलं.

शाळेत आणि घरातही जन्मभर पुस्तकी भाषा बोलणारा माणूस, आता आईच्या घरची बोलीच तेवढी उरली आहे. आणि तोताराम, चाळीस वर्षांत त्यांनी माझं नाव चारचौघांत एकदाही घेतलं नव्हतं. अगं, ऐकलं का, एवढंच. आता येईल त्या माणसाला विचारतात, मनी कमल कोठे गई. एवढं गोड नाव आहे माझं, हे मला आत्ता कळलं. आणि ऐकायला मी समोर असून नसते.

त्यांच्या मनात बसलं आहे की मी आखाजीच्या सणाला माहेरी गेले आणि अजून परत आले नाही. म्हणून रोज संध्याकाळी टोपी घालून मला आणायला निघतात. दोनदा एस.टी. स्टँडवर सापडले. एकदा पांझरेच्या पुलावर.  दाराला कडी लावली तर दारावर डोकं आपटतात. डॉक्टरांनी नसांचं दुखणं सांगितलं, गोळ्या दिल्या. हे आता मागे फिरणारं नाही, असंही सांगितलं. अभिमन म्हणतो, पिंपळनेरला चला. पण नव्या गावात ते हरवले तर त्यांना ओळखणारा भटूही तिथे नसेल.

मी विचार केला, त्यांना वीस वर्षांची कमल आठवते. माझ्या चेहऱ्यावरच्या या रेषा तेवढ्या निघाल्या तर आत मी आहेच ना. म्हणून मलम. केळं फासून बसले होते, तर हे उपरणं घेऊन आले, आजी, तोंडले काय लागेल शे म्हणत माझं तोंड पुसून दिलं. इतक्या हळुवार पुसलं. परक्या म्हातारीचं पुसावं तसं.

कुणाला बोलू नकोस.
अक्का


जळगाव
२२ जानेवारी १९८७

ती. अक्कास नमस्कार वि. वि.

तुझ्याकडून परतल्यापासून चार दिवस टचिंगच्या टेबलावर बसलो नाही. 

दाजींनी मला ओळखलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. उलट माझ्याबद्दलच त्यांनी माझ्याकडे मनमोकळी तक्रार केली. म्हणाले, तुम्ही जळगावकडचे दिसता, आमचा एक मेव्हणा तिकडे आहे, तोताराम नावाचा. मोठा लबाड. आखाजीला मुऱ्हाळी म्हणून आला, बहिणीला घेऊन गेला, आणि अजून आणून सोडत नाही. मी म्हटलं, भेटला तर कान पिळतो. ते म्हणाले, पिळा, पण फार नको, आईविना पोर आहे.

तू आत भाकरी करत होतीस म्हणून माझं तोंड तुला दिसलं नाही, ते बरं झालं.

एक गोष्ट मात्र मी पाहिली. स्टुडिओचं छापील पाकीट मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि पत्त्यातल्या एका चुकीवर बोट ठेवलं. दहा वर्षं ती पाकिटं छापतो आहे, हजारो माणसांनी हाताळली, कुणाला दिसली नव्हती. त्या एका क्षणाला समोर जुने चुडामण गुरुजी बसले होते. मग पाकीट उलटं धरून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

लग्नातला तुझा फोटो मोठा करून सोबत पाठवतो आहे. मूळ फोटोलाच सुरकुत्या पडल्या होत्या, एक डाग तर नेमका नथीवर. कॉपी निगेटिव्ह करून सगळं भरून काढलं. जन्मात इतकं चोख काम केलं नसेल. तो त्यांच्या उशाशी लाव. कमल घरातच आहे असं वाटलं, की बाहेर जाणार नाहीत.

क्रीम लावणं थांबवू नकोस, थंडी आहे. पण कलप पुरे.
तुझा तोताराम


देवपूर, धुळे
१४ फेब्रुवारी १९८७

चि. तोताराम यास आशीर्वाद.

तुझ्या चांगुलपणाने घात केला रे. फोटो भिंतीवर राहिलाच नाही. पहिल्याच दिवशी काढून घेतला. जेवताना मांडीवर, झोपताना उशाखाली. मला बोलावून दाखवतात, आजी, हाई मनी कमल. दिसली तर सांगा. आता बाहेर जाताना तो बगलेत असतो आणि स्टँडवरच्या माणसांना दाखवत फिरतात. कालच्या दुपारी भटूने आपल्या माहेरच्या, पारोळ्याच्या गाडीतून उतरवून घेतलं. तिकीट काढलं होतं.

मी त्या पोरीकडे बघते. तुळतुळीत गाल, कपाळावर एक रेघ नाही. तिचा हेवा करू की तिला कुशीत घेऊ, कळत नाही. माझीच सवत होऊन बसली आहे माझ्या घरात.

तुला बोल लावत नाही. तुझा धंदाच रेषा मिटवण्याचा.
अक्का


जळगाव
१४ मार्च १९८७

ती. अक्कास साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं शेवटचं वाक्य महिनाभर कानात होतं. माझा धंदाच रेषा मिटवण्याचा. खरं आहे. तीस वर्षं मी एकाच दिशेने हात चालवला. मग एका दुपारी वाटलं, हात उलटा फिरवून का बघू नये?

सोबत सहा फोटो आहेत, मागे आकडे घातलेले. दर सोमवारी एक बदलायचा. दाजींना आंघोळीला बसवलंस की आधीचा काढून पुढचा उशाखाली ठेव. पहिला त्यांच्या कमलचाच आहे, फक्त डोळ्यांच्या कडेला दोन बारीक रेघा. दुसऱ्यात जरा जास्त. असं करत सहाव्यात तू आजची. त्यांना न कळत कमलला दर आठवड्याला सात-आठ वर्षं पुढे आणायचं. वाट चुकलेल्या माणसाला हाका मारून उपयोग नाही, मागे जाऊन बोट धरून आणावं लागतं. मेळ्यात हरवलो होतो तेव्हा तू मला तसंच आणलं होतंस.

हे काम पेन्सिलीचं नव्हे. निगेटिव्हवर काळं केलेलं फोटोत पांढरं उतरतं, म्हणून पेन्सिलीने केस तेवढे पांढरे होतात. सुरकुती पाडायची तर निगेटिव्हवरचा थर ब्लेडच्या टोकाने खरवडावा लागतो. जरा जास्त लागलं की फिल्म फाटते. सात निगेटिव्ह वाया गेल्या. सुनंदा म्हणाली, बायकांना म्हातारं करायला एवढी मेहनत घेणारे तुम्ही पहिलेच.

तुझा आजचा फोटो माझ्याजवळ नाही. जानेवारीत कॅमेरा घेऊन आलो होतो, तर तू हात जोडलेस. म्हणून सगळं आठवणीतून केलं. आणि अक्का, एकेक रेघ घालताना ती कुठून आली ते दिसत गेलं. डोळ्यांच्या कडेच्या पहिल्या दोन, तुराट्यांच्या धुराच्या. आई गेल्यावर चुलीपुढे बसून माझ्यासाठी कळण्याची भाकरी थापायचीस, तेव्हाच त्यांनी पाया घातला असणार. कपाळावरच्या आडव्या तीन बहात्तरच्या दुष्काळाच्या. भुवयांमधली उभी, अभिमनच्या टायफॉइडची. एकही फुकट आलेली नाही. इतक्या वर्षांत मी लोकांचं काय काय पुसून टाकलं, याचा विचार करून त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

गालावरची ती एक खोल घडी सगळ्यात शेवटी घातली. ती मला जन्मापासून, म्हणजे ती घडी जन्मल्यापासून, ठाऊक आहे. तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी मुऱ्हाळी म्हणून आलो होतो. अकरा वर्षांचा. ओट्यावर तुझे सासरे बसलेले, त्यामुळे तुला हसायची चोरी. दाजी वर्तमानपत्र वाचल्यासारखं करून त्यात नसलेल्या बातम्या गंभीरपणे वाचत होते. अमुक गावी म्हशीने सरपंचाची निवडणूक जिंकली, असलं काहीतरी. तू पदराचं टोक उजवीकडच्या दातात गच्च धरलंस. मग हसू निसटायचं ते डावीकडूनच. तेव्हापासून तू एकाच गालाने हसतेस. पुढे सासरे गेले, ओटा गेला, पण सवय राहिली आणि तिथे घडी पडली.

सहावा फोटो आखाजीच्या आठवड्यात लागेल. बघू.

आशीर्वाद कमी पडू देऊ नकोस, या कामाला लागतील.
तुझा तोताराम


जळगाव
२४ एप्रिल १९८७

ती. अक्कास नमस्कार. घाईत लिहितो.

चौथ्या फोटोपर्यंत सगळं सुरळीत गेलं, बाहेर पडणं कमी झालं, हे वाचून सुनंदाने देवापुढे साखर ठेवली. पण सहावा फोटो उशाखाली ठेवू नकोस. माझी चूक झाली आहे.

काल इंदूचा स्थळासाठीचा फोटो टचिंगला घेतला आणि हात थांबला. टचिंग निगेटिव्हच्या थराच्या बाजूने करतात. त्या बाजूने माणूस उलटा दिसतो, डावं ते उजवीकडे. तीस वर्षं असलेल्या रेषा मिटवत आलो. रेष जिथे दिसते तिथे भरायची, डावं-उजवं बघायची वेळच आली नाही. आठवणीतून रेष घालायची वेळ पहिल्यांदाच आली, आणि मी तुझी हसण्याची घडी उजव्या गालावर घालून बसलो. बन्सीलालशेठ असते तर पेन्सिल काढून घेतली असती आणि पुन्हा झाडू हातात दिला असता.

आधीच दाजी तुला ओळखत नाहीत. त्यात मी भलत्याच बाईचं तोंड त्यांच्या हातात दिलं, तर आजवरचं सगळं पाण्यात. चार दिवसांत नवी निगेटिव्ह करून दुरुस्त फोटो पाठवतो. तोवर पाचवाच राहू दे. इंदूने बघायला येणाऱ्यांना टचिंग न केलेलाच फोटो पाठवायचा हट्ट धरला आहे. पाठवला.
तोताराम


देवपूर, धुळे
६ मे १९८७

चि. तोताराम यास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी आलं. फोटो सोमवारीच बदलला होता. वाचल्याबरोबर काढायला गेले. पण हे तो हातातून सोडायला तयार नाहीत, काढून कसा घेणार? म्हटलं, आता होईल ते होईल.

आखाजीच्या सकाळी मी घागर भरली, सांजोऱ्या केल्या. गल्लीत पोरींनी झोके बांधले होते, त्यांची गाणी ऐकू येत होती. ती ऐकून हे टोपी घालून उठले. आज आखाजी शे, कमलले लेवाले जावानं शे. मी चप्पल पुढे केली. किती अडवायचं? म्हटलं, आज मीही मागून चालत जाईन, पारोळा तर पारोळा.

दारात उभं राहून त्यांनी फोटो एकदा उजेडात धरला आणि कपाळाला आठी घातली. पोरांच्या वह्या तपासताना घालायचे, अगदी तीच. परत आत आले, खुर्चीवर बसले आणि लाल पेन्सिल मागितली. कितीतरी महिन्यांत मागितली नव्हती. मी खणातून काढून दिली. फोटोतल्या उजव्या गालावर त्यांनी नीट फुली मारली. मग सगळ्या फोटोवरून नजर फिरवून म्हणाले, बठ्ठं बरोबर शे, पन फोटोवालानी घडी चुकी गयी.

मी समोर उभी. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, एका गालाकडे, मग दुसऱ्या गालाकडे, पुस्तकात बघून पडताळून घ्यावं तसं. पेन्सिल खाली ठेवली आणि बोट माझ्या डाव्या गालावर टेकवलं. आठे शे, म्हणाले. घडी आठे शे. मग बोट तिथेच ठेवून, कबुली द्यावी तसं म्हणाले, हाई तर मीच पाडेल शे.

मला हसू आलं रे. रडायचं सोडून हसू आलं, आणि घडी त्यांच्या बोटाखाली मोडली. तेव्हा माहेरून नुकत्याच आलेल्या बायकोला विचारावं तसं त्यांनी विचारलं, तू कधय उनी? तोतारामनी आनी सोडी का? मी म्हटलं, हो, आत्ताच सोडून गेला. ते म्हणाले, जेवाले तरी ठेवाना व्हता. टोपी काढून खुंटीला लावली. आम्ही दोघांनी सांजोऱ्या खाल्ल्या. त्यांनी दोन खाल्ल्या.

तू हुशार आहेस, पुढचं ओळखलं असशील. दुपारी झोपून उठले तेव्हा मी पुन्हा आजी झाले होते. डॉक्टरांनी सांगितलेलं खोटं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाबरोबर फोटो आणि लाल पेन्सिल पुढे ठेवली. पुन्हा आठी. पुन्हा फुली. पुन्हा बोट. आज पाचवा दिवस. कधी घटकाभर टिकतं, कधी चहा संपेपर्यंत. एक दिवस घडी सापडली पण मी सापडले नाही. शेजारणीला सांगावं तसं, आजी, तुमनी पन घडी आठेच शे, एवढंच म्हणाले. तेही मला चाललं. एस.टी. स्टँडकडे मात्र आखाजीपासून गेले नाहीत. भटू विचारून गेला, गुरुजी बरे आहेत ना?

क्रीमची अर्धी बाटली उरली आहे, ती इंदूला देईन. तिचं बघणं ठरलं की मला ने. आणि कॅमेरा घेऊन ये. पदर ओढणार नाही.

दुरुस्त केलेला फोटो मात्र पाठवू नकोस. केला असशील तर तुझ्याजवळच राहू दे. तुझं बरोबर आलेलं काम त्यांनी कधी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. चूक दिसली की गुरुजी जागे होतात. हा फोटो फुल्यांनी भरून गेला की याच निगेटिव्हचा दुसरा काढून पाठव. घडी उजव्याच गालावर ठेवून.

तुझी, डाव्या गालाने हसणारी,
कमलअक्का